नाकात बोलणारा अ‍ॅम्प

४ सप्टेंबर

गिटारसाठी बघितलेला पाच वॅटचा अ‍ॅम्प बाद! आवाज गोड आहे, घरात पुरेल, पण ड्रमसमोर टिकायचा नाही. दुकानदार म्हणतो, "समोर माईक लावा की." म्हणजे अ‍ॅम्प मी घ्यायचा आणि आवाज दुसऱ्याच डब्यातून काढायचा! आत कुठल्या ट्यूबा आहेत विचारलं तर मागून वाकून बघायला लागला. विकतो, आणि पोटात काय आहे ठाऊक नाही.

मला एकच हवा. घरी हळू वाजवला तरी जिवंत वाटावा, माणसांत नेला तरी दबू नये, आणि तिसऱ्या मजल्यावर मला एकट्याला चढवता यावा. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या ट्यूबांचाच हवा. तार जोरात छेडली की तो जरा कण्हतो — ते कण्हणं दुसऱ्या कशात येत नाही.

२४ ला दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. आमच्या दुकानातून चष्मा नेतात. मी काच घासता घासता गुणगुणत होतो, त्यावरून विषय निघाला. ते ड्रम वाजवतात, त्यांचा गिटारवाला बदली होऊन गेला. "येऊन बघा एकदा," म्हणाले. एकवीस वर्षं वाजवतोय, पुस्तकं बघून शिकलो, कुणाचे उपकार नाहीत. कुणाबरोबर कधी वाजवलेलंही नाही. हे त्यांना सांगितलं नाही.

जमलं तर हिला ऐकायला बोलवायचं. एवढ्या वर्षांत तिने माझं वाजवणं फक्त दाराआडून ऐकलंय.

६ सप्टेंबर

हिचा फोन. लेकीकडे जाऊन सात महिने झाले. बाळंतपणापुरती गेली होती. नात आता आधाराने बसते म्हणे.

"अहो, मला जरा बोलायचं होतं—" म्हणाली. म्हटलं, आधी हे ऐक, आणि वॅटचं समजावून सांगितलं. तिप्पट वॅट म्हणजे तिप्पट आवाज नव्हे. लोकांना हे कळतच नाही! तिला कळलं असावं. "हं" म्हणाली.

९ सप्टेंबर

सापडला! कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे दोन होते. एक पंधरा वॅटचा, बारा इंची स्पीकर. बेसचं, म्हणजे खालच्या सुरांचं, बटण सातवर, वरच्या सुरांचं ट्रेबल सहावर, मधल्या सुरांचं जवळजवळ बंद — एक तार छेडली आणि सगळं दुकान भरलं. अहाहा! दुसरा त्याने स्वतः जोडलेला. राखाडी, बारा वॅट, दहा इंची स्पीकर, एक बटण तिरकं. आवाज सर्दी झालेल्या हेडमास्तरांसारखा, थेट नाकातून.

"हा चारचौघांत चांगला बोलतो," रेडिओवाला म्हणाला.

"एकट्याशी धड बोलत नाही, तो चारचौघांत काय बोलणार!"

हसला नुसता. मोठा घेऊन आलो. आवडला तर ठेवायचा, नाहीतर परत, अशी बोली.

१० सप्टेंबर

सतरा किलो. काल दोनदा टेकावं लागलं. आज खांदा धरलाय.

१४ सप्टेंबर

जमिनीवर ठेवला तर फरशी घुमते, टेबलावर ठेवला तर टेबल. हिच्या खुर्चीत ठेवला — उत्तम! आता तिथेच राहील.

सात ते साडेआठ वाजवलं. खालचे सूर, मधले, वरचे, सगळं मीच. दुसऱ्या कुणाची उणीव भासत नाही.

थांबलो तेव्हा फ्रिजचा आवाज यायला लागला.

१७ सप्टेंबर

फोन. "वेळेवर जेवता ना?" जेवतो. मग ती काहीच बोलेना. फोनवरची शांतता मला सोसत नाही. सतरा किलोचं सांगितलं, फरशीचं सांगितलं. "बरं. ठेवू?" म्हणाली.

तिला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. महत्त्वाचं असतं तर बोलली असती.

२४ सप्टेंबर

नको तो दिवस!

डॉक्टरांचं गॅरेज. बेस गिटारवर एक बाई, शाळेची बस चालवते. बसायला फळीचं बाकडं. तीन गाणी वाजवली आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना. वाढवला. आणखी वाढवला. नुसती घूं घूं.

तिसऱ्या गाण्यानंतर बसवाली म्हणाली, "साहेब, वाजवत होतात होय? मला वाटलं, अजून तारा जुळवताय."

अ‍ॅम्पमध्ये दोष असणार, म्हणालो. ती उठून आली, वाकून बटणं बघितली. "अहो, खालचं सगळं तुम्हीच घेतलंय की. ते माझं काम! आणि गिटारने बोलायचं मधल्या सुरांत, तेच बंद करून ठेवलंय. सगळं एकट्यानेच वाजवायचं, तर आम्ही कशाला आलो?"

डॉक्टर तोंड फिरवून हसत होते. निघताना म्हणाले, "पुढच्या गुरुवारी परत या. पण ते खालचं घरी ठेवून या बरं का."

बसवाली मला शिकवणार!

२५ सप्टेंबर

जाणार नाही.

२६ सप्टेंबर

एका गिऱ्हाइकाची काच जास्त घासली गेली. बारा वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी नवी काच काढून समोर ठेवली, तेच जास्त लागलं.

२८ सप्टेंबर

मोठ्याची बटणं बसवालीने सांगितल्याप्रमाणे फिरवून बघितली. बरा वाटला, पण मुळात तो पसरट बोलतो. अ‍ॅम्प परत केला. रेडिओवाल्याने कारण विचारलं नाही. "घरी एकट्याने वाजवणाऱ्या सगळ्यांचं होतं असं," म्हणाला.

"मी सगळ्यांतला नाही."

"नाही ना? मग न्या हा राखाडी." आणि फडक्याने पुसायलाच लागला.

अकरा किलो. कुठेही न टेकता वर आलो. हिच्या खुर्चीत ठेवून वाजवला. नाकातच बोलतो अजून. खोली रिकामी वाटते.

१ ऑक्टोबर

गेलो. बेस दोनवर, मधलं आठवर. एकट्याने वाजवून बघितलं तेव्हा लाज वाटली. मग डॉक्टरांनी ठोका धरला, खालून बसवाली आली — आणि माझा एकेक सूर स्वच्छ ऐकू आला! त्या दोघांच्या मधोमध. जोर न लावता.

दुसऱ्या गाण्यात एकदा बोट चुकलं म्हणून मी चार ठोके थांबलोच. वाटलं, सगळं कोसळणार. काही कोसळलं नाही. ती दोघं वाजवत होती. मी नव्हतो तरी गाणं होतं, आणि परत शिरायला जागा होती.

"आता आलात!" बसवाली ओरडली.

१८ ला डॉक्टरांच्या क्लबाच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम आहे. मला धरून तिघं. हिला सांगायचं — अठराच्या आत ये. पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवतो. आणि घरातली तिची खुर्ची आज रिकामी केली. अ‍ॅम्प स्टुलावर.

४ ऑक्टोबर

हिचा फोन. अठरा तारीख जिभेवर होती. "अहो," म्हणाली आणि थांबली. मी चार ठोके मोजले. मग आणखी चार.

ती बोलायला लागली. लेकीच्या घराजवळ एक खोली बघितली आहे. शिवणाच्या वर्गात शिकवायला जाते. परत येणार नाही. रागावून नाही, म्हणाली. जूनमध्येच ठरवलं होतं. "किती वेळा सांगायला घेतलं. तुम्ही बोलूच देत नव्हता."

अर्धा तास बोलली. मी मध्ये काही बोललो नाही.

अठरा तारखेचं सांगायचं राहून गेलं.