आवाज दुसऱ्या रांगेतला

५ जानेवारी १९७४

बायकांनी परेड करायची! यंदा सव्वीस जानेवारीला टाऊनशिपच्या मैदानावर शाळेची पोरं आणि फायर ब्रिगेड यांच्या मागोमाग महिला मंडळाचंही दल चालणार. वैजयंतीबाई दिघ्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं. म्हणजे जनरल मॅनेजरांच्या मिसेस, आमच्या अध्यक्ष. सांगितलं म्हणजे पुटपुटल्या. पहिल्या रांगेनं ऐकलं आणि मागे पोचवलं. 'साहेबांची इच्छा आहे,' म्हणे. मग संपलंच!

पांढरी साडी, हिरवे काठ, पायात कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट! देवा रे.

यांना सांगायला गेले तर पेपरातून डोकंही वर न काढता म्हणतात, 'ऐकलंय. तू अंगणात सुनंदावहिनींना सांगत होतीस ना, तेव्हाच. हळू बोलत जा जरा.' लग्नाला सोळा वर्षं झाली, सोळा वर्षं हेच ऐकतेय. आमच्या नागपूरच्या घरात नऊ भावंडं होती. हळू मागणाऱ्याच्या ताटात पोळी पडत नव्हती, बावा!

७ जानेवारी

सकाळी सहाला मैदानावर. थंडी मरणाची. शिकवायला उदयभान सिंह सुभेदार — फौजेतून रिटायर होऊन आता कारखान्याच्या सिक्युरिटीत आहेत. मिश्या अशा की सुनंदा पहिली दहा मिनिटं नुसती हसतच होती. 'बहनजी, बायाँ पैर! बायाँ!' आम्ही चोवीसजणी, आणि डावे पाय निदान तीस निघाले असतील.

८ जानेवारी

पोटऱ्या! उठता येत नाही, बसता येत नाही. जेवायला खिचडी. कुरकुर कराल तर तीही नाही, असं सांगून ठेवलंय.

१० जानेवारी

आज काय झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

सुभेदारांनी एकेकीला पुढे बोलावून 'सावधान' ओरडायला लावलं. कमांडर निवडायचा होता. सुनंदा ओरडली ती मांजर दूध पिऊन गेल्यासारखी. बाकीच्याही तशाच — पदर तोंडाला, खी खी खी. मग मी. म्हटलं, एवीतेवी सगळे आपल्याला लाऊडस्पीकर म्हणतातच. घेतला श्वास आणि दिलं सोडून — 'साऽऽवधान!'

मैदानाच्या पार त्या टोकाला शाळेच्या पोरांची प्रॅक्टिस चालू होती. ती सगळी खाडकन सावधान उभी राहिली! त्यांचे पी.टी. सरसुद्धा.

सुभेदार म्हणाले, 'बस। मिल गया कमांडर।'

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. ज्या आवाजापायी माहेरी मार खाल्ला, सासरी बोलणी खाल्ली, तो आवाज पहिल्यांदा कुणाला तरी हवासा वाटला. मीना तर नाचलीच. 'आई, तू सगळ्यांच्या पुढे?' मी म्हटलं, सगळ्यांच्या पुढे, एकटी! हे म्हणाले, 'बरं आहे, त्या निमित्तानं घरात शांतता.' पण मिशीत हसत होते.

१२ जानेवारी

कमांडर मी नाही.

वैजयंतीबाई पुढे राहणार. अध्यक्ष आहेत, आणि साहेबांनी पाहुण्यांना तसं सांगूनही टाकलंय. बरं, राहोत पुढे. पण त्यांचा आवाज! आज 'तेज चल' म्हणाल्या, तर एकही पाय हलला नाही. ऐकूच आलं नाही कुणाला.

तेव्हा सुभेदारांनी डोकं चालवलं. वैजयंतीबाईंनी पुढे नुसते ओठ हलवायचे. दुसऱ्या रांगेत, बरोब्बर त्यांच्या मागे, मी. त्या हनुवटी वर करतील, मागून मला त्यांचा अंबाडा खाली गेलेला दिसेल, आणि अंबाडा खाली गेला की मी ओरडायचं. 'किसी को पता नहीं चलेगा, बहनजी।'

म्हणजे तोंड त्यांचं, घसा माझा! अस्सा राग आला. वैजयंतीबाई जवळ येऊन म्हणाल्या, 'प्रमिलाताई, बुरा मानू नका हं.' ग्वाल्हेरच्या आहेत, बोलणं अगदी तुपातलं. मी काय बोलणार? हे तर आधीच घाबरलेत. 'साहेबांच्या घरातलं माणूस आहे, वाकडं नको.' फोरमनच्या बायकोनं रागसुद्धा बेतानं करावा.

१४ जानेवारी, संक्रांत

दिघ्यांच्या बंगल्यावर हळदीकुंकू. सगळ्यांना म्हणतात तिळगूळ घ्या, गोड बोला. मला सुनंदा म्हणाली, तिळगूळ घ्या, हळू बोला. चिमटाच काढला तिला.

मध्येच साहेब आत आले. त्यांचा आवाज मात्र खणखणीत! 'वैजू, भाषणाचे कागद कुठेत?' त्या म्हणाल्या, टेबलावर आहेत. साहेबांनी परत विचारलं. बाईंनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा साहेब आमच्याचकडे बघून म्हणाले, 'हिला विचारण्यात अर्थ नसतो,' आणि हसले. आम्हीही हसलो. साहेब हसले की हसायचंच असतं.

१८ जानेवारी

अंबाडा खाली — मी ओरडते — दल चालतं. चोख जमलंय! सुभेदार खूश. मला रडू येतंय.

२२ जानेवारी

मीनानं वर्गभर सांगून ठेवलंय, कमांड माझी आई देणार. आज खरं सांगायला गेले, तर म्हणाली, 'आई, मैत्रिणी खास तुलाच बघायला येणारेत.' गिळलं सगळं. पोरीसमोर खोटी पडणार मी. हे एकच सारखं डोक्यात — तिनं मला पुढे शोधायचं, आणि मी आपली दुसऱ्या रांगेत कुणाच्या तरी अंबाड्याकडे डोळे लावून!

२५ जानेवारी

उद्या घसा बसावा म्हणून सकाळपासून दोनदा लोणचं खाल्लं. बसत नाही. मेला लोखंडी घसा.

२६ जानेवारी, दुपार

आत्ताच आले. साडी बदलली नाही, बूटही पायातच. आधी लिहिते.

झेंडा झाला, साहेबांचं भाषण झालं. मग शाळा, मग फायर ब्रिगेडचा तो लाल बंब, मग आम्ही. चोवीस बायका, एक पाय. खरंच एक पाय! व्यासपीठासमोर अंबाडा खाली गेला आणि मी दिलं सोडून — 'दाहिने देख!' चोवीस माना फाडकन वळल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंगावर काटा आला माझ्या.

तेवढ्यात माइकवर तो पर्सोनेल खात्याचा माणूस — 'महिला दल का नेतृत्व कर रही हैं श्रीमती वैजयंती दिघे! सुनिए, क्या बुलंद आवाज़ है!'

दोरीपलीकडे मीना मैत्रिणींबरोबर उभी. माझ्याकडे बघत होती. मैत्रिणी तिच्याकडे.

झालं! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, बुलंद आवाज ना त्यांचा? मग देऊ देत.

'सामने देख' दिलं, नाहीतर बायका खांबावर आदळल्या असत्या. पुढे गोलपोस्टपाशी 'थम' द्यायचं होतं. अंबाडा खाली गेला. मी गप्प. परत गेला. मी गप्प. गोलपोस्ट मागे पडलं. सुनंदा दात आवळून म्हणते, 'प्रमिला, बोल ना गं!' मी ढिम्म. आम्ही मैदानाच्या फाटकातून सरळ बाहेर!

लोकांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. टाळ्या चालूच. माइकवाला म्हणतोय, 'महिला दल अब नगर भ्रमण पर निकल रहा है।' पिपलानीच्या रस्त्याला लागलो. दुधाच्या बूथवरच्या रांगेनं सलाम ठोकला. मागे पोरं, पोरांमागे दोन कुत्री. आणि पुढे वैजयंतीबाई, ताठ, मागे न बघता, एक दो एक. मला आतून हसू फुटत होतं. खोटं कशाला बोलू, फार मजा येत होती.

वळणावरून शिफ्टची बस आली.

आता ही बाई बाजूला होईल म्हटलं. होईना! हुकूम नाही तर थांबायचं कसं? बसच्या तोंडावर चालल्या होत्या. अंबाडा वर, खाली, वर, खाली. आणि मग त्यांनी स्वतःच हाक दिली. 'थम.' मान ताणून, सगळं बळ एकवटून, आणि निघालं ते एवढंसं, चिमणीएवढं. फक्त मला ऐकू आलं. माझं हसू जागच्या जागी गेलं.

'दऽऽल, थम!'

दल थांबलं. बसही थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून हात जोडले. सगळ्याजणी माझ्याकडे वळून बघताहेत, आता लपवायचं काय राहिलं? वैजयंतीबाई वळल्या. चेहरा लालबुंद. वाटलं, आता थोबाडीत बसते. पण एवढंच म्हणाल्या, 'पीछे मुड म्हणा ना.'

मैदानावर परत आलो. साहेब खाली उतरले होते. पाहुण्यांसमोर, सगळ्या बायकांसमोर, त्याच खणखणीत आवाजात — 'वैजू, एवढं साधं काम जमलं नाही तुला?'

वाटलं, आता माझं नाव घेतील. घ्यायलाच हवं होतं. त्या म्हणाल्या, 'माझी चूक झाली.' साहेबांनी तेही ऐकलं नाही, पाठ फिरवून गेलेसुद्धा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. फजिती त्यांचीच करायला निघाले होते, आणि झाली तर बघवेना! मीना येऊन गळ्यात पडली, 'आई, बस थांबवलीस तू!' तिला जवळही घेववेना.

मध्येच वही ठेवून यांना सगळं सांगितलं. हे जेवले नाहीत.

२७ जानेवारी

काल संध्याकाळचं राहिलं.

आतषबाजीला जाणारच नव्हते. मीना ऐकेना. सतरंज्यांवर टाऊनशिप सगळी. कारखान्यावर दिव्यांच्या माळा, आकाशात लाल-हिरवी झाडं उमलताहेत, पोरं किंचाळताहेत. मी पदर डोक्यावरून घेऊन कोपऱ्यात. बघते तर वैजयंतीबाई! पुढच्या खुर्च्या सोडून आमच्या सतरंजीवर, माझ्या शेजारी.

माफी मागायची होती. अगदी ओठांवर होती. माझी हाक पार हबीबगंज स्टेशनपर्यंत जाते म्हणतात ना? काल हातभरावर जाईना.

मग त्याच काहीतरी बोलल्या. माझ्याकडे तोंड करून, बरंच काही. पण नेमकी रॉकेटं सुटत होती, धडाडधूम! एक अक्षर कळलं नाही. परत विचारायची लाज वाटली. मी आपली मान हलवली — हो हो. त्यांनी माझा हात दाबला आणि उठून गेल्या.

कशाला हो म्हणून बसले मी? सुनंदा म्हणते, 'माफीनामा लिहून मागितला असेल.' हे म्हणतात, 'बदली. हरिद्वारला.' दिवसभर घरात एवढी शांतता, की शेजारून विचारायला आले, बरं आहे ना सगळं!

२८ जानेवारी

अकराला वैजयंतीबाई आल्या. एकट्या, पायी. स्वयंपाकघरातच पाटावर बसल्या. म्हणाल्या, 'परवा तुम्ही हो म्हणालात, म्हणून आले. मला ओरडायला शिकवा.'

मी म्हटलं, 'अहो, पुढच्या परेडला वर्ष आहे अजून!'

'परेडसाठी नाही,' म्हणाल्या. 'घरासाठी.'

मी स्टोव्ह बंद केला, दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले.