आईच्या पानातलं

अलीगंज, लखनौ
५ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी कळवलं, आरोग्य शिबिरात तुझं वजन एकोणचाळीस किलो भरलं. बाबा गेल्यापासून सात किलो उतरलीस. मला फार काळजी वाटते. पाडव्यापर्यंत वजन वाढलं नाही, तर हे येऊन तुला लखनौला आणणार. आठवडाभर रोज काय खातेस, ते लिहून पाठव.

इथे धुकं दाट आहे. तुझी नात नेत्रा रजईत बसून मटार सोलते, निम्मे तिच्याच पोटात जातात.

माया आहेच, आता वजनही वाढू दे.
तुझी सुलभा

बोरखेडी
१७ जानेवारी

चि. सौ. सुलभास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी भाकरी, मेथीची भाजी, वरण. मंगळवारी पिठलं-भात. बुधवारी मुगाची उसळ, ताक. पुढचे दिवस मागच्या पानावर आहेत. एवढं सगळं होतं, मग काळजी कसली? मी घर सोडणार नाही. तुमच्या त्या सब्जीवाल्या भैयाशी मी काय बोलू?

जावईबापूंना आशीर्वाद.
तुझी आई

अलीगंज
२६ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

तुझी यादी आलमबागच्या स्नेहाला दाखवली, ती आहारतज्ज्ञ आहे. एवढं जेवणारी बाई एकोणचाळीस किलोंची कशी, हे तिला कळेना. नेत्राने तिच्या हिंदीत विचारलं, की नानीने हे बनवलं, पण खाल्लं कुणी? मी आठवत बसले. आई, तुझं वाढलेलं पान मी कधी पाहिलेलंच नाही. खरं काय ते लिही. रागावणार नाही.

तुझी सुलभा

बोरखेडी
१० मार्च

चि. सौ. सुलभास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, लाज वाटत होती. केलं ते लिहिलं. खाल्लेलं निराळं लिहायचं, हे सुचलंच नाही. तुम्ही सगळे जेवलात की उरलेल्या कढईत मी भाकरी मोडायची. आता उरायला आधी कुणी जेवावं तर लागतं! भाजी डब्यातून शेजारच्या मोहनभाऊजींकडे जाते, भाकरी गाईला, आणि मी चहात टोस्ट बुडवते.

आशाताई चांगल्याच ओरडल्या. समोरची मधुमतीही एकटी, तिचंही हेच. महिना झाला, दुपारी ती माझं पान वाढते, मी तिचं. स्वतःचं वाढून घ्यायचं नाही, असं ठरवलंय. दुसरीला वाढताना हात आखडत नाही. ती मेली भाकरीवर तेलही सढळ घालते. काल वजन एक्केचाळीस भरलं. आता मला न्यायला कुणी येऊ नका.

एक विचारते. तुझं पान कोण वाढतं?

तुझी आई

अलीगंज
१९ मार्च

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती आणि मी ओट्याशी उभी राहून पातेल्यातच पोळी बुडवत होते. शेवटची ओळ वाचली आणि हातातली पोळी खाली ठेवली.

रात्री पत्र दोघांना वाचून दाखवलं. ह्यांनी उठून माझ्यासाठी पाट मांडला. नेत्राने पान वाढलं. भाजी डावीकडे, चटणी उजवीकडे, भाताचा डोंगर. मी काही सुधारलं नाही. आधी थोडी रडले, मग सगळं संपवलं.

हे तुला न्यायला येणार नाहीत. मधुमतीमावशींना माझा नमस्कार सांग, आणि तेल सढळच असू द्या म्हणावं.

तुझी सुलभा