सख्ख्या भावालाही नाही

मेहरूण, जळगाव
बुधवार

तीर्थरूप ताईबाई अक्का, धुळे मुक्कामी,

धाकट्या शालिग्रामचा नमस्कार. गुडघा कसा आहे हे विचारत नाही. काल ज्या आवाजात तू मला चोट्टा म्हणालीस, त्यावरून तब्येत ठणठणीत असावी.

तो फोन मीच केला होता. त्यानंतर तू माझे अकरा फोन कापलेस, म्हणून हे पत्र. अक्षर तरी ओळखशील.

नवा फोन घेतला. जुना बदल्यात द्यायचा होता. दुकानदार फारुखभाई म्हणाले, आधी नव्यात सगळं उतरलं का बघा, मग जुना पुसा. मी ऐकले नाही. माझे फोटो, बँकेचे कागद, आपल्या घरातली भांडणे परक्याच्या कपाटात का राहावीत? तिथेच काउंटरवर सगळे पुसून टाकले. (पुसले याचा पश्चात्ताप नाही. क्रम चुकला, एवढेच.) नव्यात काहीच उतरले नव्हते. आईचा आवाजही नाही.

मेघा म्हणाली, बाबा, घाबरू नका, सगळ्याची प्रत तुमच्या खात्यात आहे. पण मला खात्याचा पासवर्ड आठवेना. तो बदलायला कोड लागतो आणि कोड तुझ्या फोनवर येतो. आपल्या घरात गॅसपासून शाळेपर्यंत प्रत्येक अर्जावर तुझाच नंबर, कारण पंधरा वर्षांत तो तेवढाच बदललेला नाही. मी कोड मागितला. तू म्हणालीस, "मना भाऊनीच सांगेल शे, भाऊलेबी सांगानं नही. तू त्याना फोन चोरेल शे."

आखाजीच्या सणाला तू माहेरी आलीस तेव्हा पुरणपोळी थंड होईपर्यंत हा धडा मीच तुझ्याकडून पाठ करून घेतला होता. तो मी मागे घेणार नाही. तू बरोबर वागलीस. मीही बरोबरच वागलो. तरी माझा फोन रिकामा आहे.

तुझा,
शालिग्राम

ता. क. : कोड पत्राने कळवू नकोस, तो दहा मिनिटांत शिळा होतो. रविवारी साडेअकराला फोन घेऊन अमळनेरच्या स्टँडवर ये. मीही येतो. तिथे कोड मागवू. आकडे तू फक्त दाखवायचे, सांगायचे नाहीत. नियम म्हणजे नियम.

ता. क. २ : आई गेल्यावर तिचा फोनवर बोललेला निरोप एकच उरला होता, नऊ सेकंदांचा. तुला कधी ऐकवला नाही. "शालिग्राम, ताईबाई कवयनी फोन करी ऱ्हायनी. उचल." मी उचलला नव्हता.