गिऱ्हाइकासकट

२ नोव्हेंबर, पाडवा
आजपासून आपण मालक! देवळाली कॅम्पातलं ‘शिकारपूर जनरल स्टोअर्स’ आता माझं, म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या संतोषचं. सकाळी नारळ फोडला, पेढे वाटले. माझी बायको उज्वला नवी साडी नेसून आली होती. फारच छान दिसत होती. शेजारच्या टेलरलाही ते दिसलं, म्हणून तिला लवकर घरी पाठवून दिलं.

दुकान जुनं, पण झकास आहे. छतापर्यंत सागवानी फळ्या, बरण्या, साबण-उदबत्त्यांचा मिसळलेला वास. टेकचंद म्हणजे सगळ्यांचे टेकूबाबा जन्मभर इथे बसले आणि उन्हाळ्यात याच गादीवर गेले. त्यांचा मुलगा हरीश दुबईला निघालाय, म्हणून दुकान विकलं. बोलणी चालू असताना मी म्हटलं, दुकान गिऱ्हाइकासकट हवं. तो म्हणाला, गिऱ्हाईक दुकानाचं नाही, बाबांचं आहे. मी म्हटलं, मग बाबांनाही ठेवून जा! दोघंही पोट धरून हसलो. पाटी जुनीच ठेवलीय. आयतं नाव मिळतंय तर कशाला सोडा?

७ नोव्हेंबर
इथे माझं नाव ‘नवीन’. नवीन शेठ, नवीन दुकानवाले. भगूरहून भाजी घेऊन येणाऱ्या चतुराबाईंनी आज दुकानाचा सगळा इतिहास ऐकवला. फाळणी झाली तेव्हा टेकूबाबांचे वडील बायकोला आणि छोट्या टेकूला घेऊन कराचीहून बोटीने आले, इथल्या निर्वासितांच्या बराकीत राहिले. सोबत एक पत्र्याची ट्रंक. तीच डोक्यावर घेऊन काडेपेट्या आणि पापड विकत फिरले, मग बराकीच्या कोपऱ्यात फळी मांडली, मग हे दुकान झालं. छोटा टेकू काउंटरखाली बसून गिऱ्हाइकांकडून मराठी शिकला. सटाण्याकडचं कुणी आलं की अहिराणीत गप्पा मारायचा. बाई असं सांगत होत्या, जसा काही त्यांचा सख्खा काका.

माझा जन्म या जिल्ह्यातला, माझी भाषा इथली, आणि परका मी! शिकारपूर सिंधमध्ये कुठे आहे हे यांच्यातल्या एकालाही सांगता येणार नाही, पण टेकूबाबा ‘आपले’. ऐकताना अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१२ नोव्हेंबर
बाबांनी लोकांना वाईट खोड लावून ठेवलीय. गिऱ्हाईक काउंटरसमोर उभं राहतं आणि बोलतच नाही. म्हणे टेकूबाबा नुसता चेहरा बघून हवी ती वस्तू काढून द्यायचे. आज एक निवृत्त सुभेदार असेच उभे राहिले. काय हवंय म्हणून विचारलं, तर अपमान झाल्यासारखे समोरच्या दुकानात निघून गेले. चतुराबाई वर मलाच समजावतात, “बाबा व्हता तं तोंड उघडाया लागत नव्हतं. तुम्ही नवीन हाय ना, म्हून.”

मेलेल्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता. संध्याकाळी त्यांचा हार घातलेला फोटो उतरवून माळ्यावर फेकला. इतके दिवस त्यांच्या गादीवर बसलो नव्हतो. आज मांडी ठोकून बसलो.

१५ नोव्हेंबर
जमलं! सकाळी एक बाई आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत माझा हात बिस्किटांच्या डब्यांमागे गेला आणि समईच्या वातींचा पुडा घेऊन आला. तिथे वाती आहेत हे मला माहीतच नव्हतं! बाईंचा चेहरा खुलला. मग दिवसभर तेच. हात आपोआप फळीवर जातो आणि बरोबर वस्तू काढतो. सुभेदारही परत आले, दाढीचा साबण घेऊन खुशीत गेले. बघा टेकूबाबा, तुमच्यावाचून काही अडत नाही.

१९ नोव्हेंबर
सगळे मला ‘बाबा’ म्हणू लागलेत. आधी वाटलं, मान देतात. पण माझ्या डोक्यात एक केस पांढरा नाही.

आज सुभेदारांनी बोटीची गोष्ट विचारली आणि मी सांगत सुटलो. समुद्र, ओकाऱ्या काढणारी आई, ट्रंकेवर झोपलेला मी. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मला कुणी सांगितलं होतं? आणि तोंड माझं, घसा माझा, पण कौतुक पुन्हा त्यांचंच!

२१ नोव्हेंबर
मुद्दाम चुकायचं ठरवलं. चहा हवा असलेल्याला मीठ द्यायचं. हाताने ऐकलं नाही. दुसऱ्या हाताने दाबून धरला, तरी गेला.

घाबरून भरदुपारी घरी गेलो. उज्वलाने दार उघडलं, पदर सावरला आणि म्हणाली, या बाबा, पण हे घरी नाहीत. पाणी दिलं. टेकूबाबांना तिने कधी पाहिलेलंसुद्धा नाही! मी संतोष आहे असं सांगायला गेलो, तर तोंडातून आशीर्वाद निघाला. आणि तिचा आवाज केवढा गोड! माझ्याशी ती अशी कधी बोलली?

२३ नोव्हेंबर
उज्वला दुकानात आली. काउंटरसमोर गप्प उभी राहिली. हात गेला — मोठ्या लाल टिकल्यांचं पाकीट. तसली टिकली मी तिला कधी लावू दिली नाही, लोक बघतात. तिने तिथेच लावली. हसली. मी जळतोय. आतल्या आत —

२५ नोव्हेंबर
रोज येते. स्टुलावर बसते, चहा पिते, बाबांना सगळं सांगते. मी कुठे गेलो, कुणी विचारत नाही. तीसुद्धा नाही.
लिहितो तेवढाच वेळ हात माझा असतो. वही सोडायची नाही. पेन सोडायचं —

२६ नोव्हेंबर
ती समोर उभी आहे. गप्प. लिहितोय, लिहितोय —
तिला काय हवंय ते हाताला कळलं. मलाही. साबण नाही, टिकल्या नाहीत — मी परत येऊ नये, एवढंच —
उज्वला, दुसरं काही माग. काहीही माग —
हात फळीकडे ओढतोय. बाबा, हिला नका देऊ — पण या हाताने आजवर एकाही गिऱ्हाइकाला रिकामं पाठव