सोबत कोण आलंय?

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. खरंच वाकून बघितलं, दुखत नाही.

माझ्या गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीत काही पेशी बदललेल्या निघाल्या. कॅन्सर नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं. तसंच सोडलं असतं तर काही वर्षांनी कदाचित झाला असता. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी तेवढी जागा बधिर करून तारेच्या बारीक कडीने तो भाग काढला. एका झग्याचे सुटलेले दोरे कापायला मला याहून जास्त वेळ लागतो. आता महिनाभर जड उचलायचं नाही, म्हणून शिवणाच्या दुकानात मालकीणबाई मला नुसती बटणं लावायला बसवतात. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

फॉर्मवर ‘सोबत कोण आलंय’ असा रकाना होता. रिकामा सोडायला कसंतरीच वाटलं, म्हणून तुझं नाव लिहून मोकळी झाले. आटोपल्यावर नर्स बाहेर जाऊन तुला तीनदा हाक मारून आली. मी आत पडून ऐकत होते. हसायला गेले आणि रडू आलं.

भावोजींचा गुडघा कसा आहे? आणि तू? दोन बाळंतपणं झाली, पण ही तपासणी एकदाही केली नाहीस. ‘मला काही होत नाही’ म्हणू नकोस. मलाही काही होत नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी रजा टाकली आहे. तू तारीख घे आणि त्या रकान्यात माझं नाव लिही. नर्सने हाक मारली की मी ओ देईन.

तुझीच,
धाकटी