ऑर्कनी-शेटलंडची कोरी जागा

३ नोव्हेंबर

नव्या कचेरीतल्या फिरत्या खुर्चीविरुद्ध माझी तक्रार इथे विधिपूर्वक नोंदवून ठेवतो. सकाळी बसतो तेव्हा ती सिंहासन असते. दुपारपर्यंत तिचा पाट होतो. एखाद्या विरक्त मुनीसारखी ती निःशब्दपणे खाली खाली जाते आणि पडद्यावरचं स्कॉटलंड माझ्या कपाळाच्या वर निघून जातं.

बाकी सारं उत्तम. पुण्यातलं आमचं वर्तमानपत्र बंद पडलं, संस्कृत येणाऱ्या वार्ताहराला दुसरीकडे कुणी विचारेना, आणि आम्ही तिघं पवनारला आलो : मी, ही आणि सुरभी. हिचं माहेर रोहणा, त्यामुळे इथे पाय ठेवताच हिची वऱ्हाडी परत आली. सुरभी बावीस वर्षांची. रोज बसने वर्ध्याच्या कॉलेजला जाते. मी उलट्या दिशेने सेलूला.

काम असं : ब्रिटनच्या जुन्या निवडणुकांचे नकाशे रंगवायचे. एकेक मतदारसंघ घ्यायचा आणि तिथे जिंकलेल्या पक्षाचा रंग भरायचा. मजूर लाल, हुजूर निळे, उदारमतवादी नारिंगी. २०२४ पासून सुरुवात करून मागे मागे जायचं. इंग्रजांनी दीडशे वर्षं आपले नकाशे रंगवले, आता बाबा परतफेड करताहेत, असं सुरभी सगळ्या आळीला सांगत सुटली आहे.

११ नोव्हेंबर

२०१९ चा नकाशा काल पुरा केला. साहेब खूश. साहेब म्हणजे हेमराज मडावी, वय सत्तावीस, स्वभाव गोड.

घरमालकीण बायजाबाईंची नात चंचल, वय चार, रोज दारात उभी राहून माझं पेन मागते. आज आली नाही. विचारलं, तर बायजाबाई अंगण झाडता झाडता हसल्या. कोनती चंचल, म्हणे, मले नात कुठची, भाऊ? चेष्टेच्या बाबतीत बाई माझ्याही वरचढ निघाल्या.

पण उंबऱ्याशी तिची ती लाल चप्पल दिसली नाही.

१९ नोव्हेंबर

२०१७, २०१५, २०१०, आज २००५. शाळेपाशी बस थांबली. घंटा झाली, आत कुणी नाही. गुरुजी ओसरीत पेपर वाचत बसलेले. मुलं कुठे, विचारलं. म्हणाले, इथं पोरं होतीच कधी?

मग हिशेब लागला. मी जो नकाशा पुरा करतो, त्या सालानंतर जन्मलेलं माणूस उरत नाही. कुणाला आठवतही नाही, माझ्याशिवाय.

पुढचा नकाशा २००१ चा. सुरभीचा जन्म २००३ चा.

२० नोव्हेंबर

हेमराजला सगळं सांगितलं. तो हसला. सर, तुमाले सुट्टी पायजे तं सरळ सांगा ना, म्हणे. काम सोडलं तर तो स्वतः करील. म्हणून मीच करणार, आणि एक जागा कोरी ठेवणार. पुरा नाही झाला, तर काही होणार नाही.

२६ नोव्हेंबर

सहाशे अठ्ठावन्न भरल्या. उरली एक. ऑर्कनी-शेटलंड, नकाशाच्या अगदी वरची बेटं. पांढरी ठेवली आहेत.

जेवताना सुरभीकडे बघत बसलो. असं काय बघता बाबा, सासरी पाठवताय की काय, म्हणाली. माझ्या ताटातली भाकरी उचलून नेली. ही म्हणाली, खाऊ द्या तिले, तुमी कोनते नांगर हाकून राह्यले.

२७ नोव्हेंबर

हेमराज सकाळीच हसत आला. सर, एक सीट सुटली होती. म्या भरून देल्ली. थे तं हमेशाच नारिंगी असते —

मदत केली त्याने. मदत.

घरी धावलो. दोरीवर तिची ओढणी नाही. हिने तीन ताटं मांडली होती. मोजली, हसली. हात चुकून राह्यला माह्या, म्हणाली, आणि एक उचलून ठेवलं.

सुरभी कुठे आहे?

कोन सुरभी?

२९ नोव्हेंबर

नारिंगी पुसला. बेटं पुन्हा पांढरी केली. दोन दिवस बसथांब्यावर बसून आहे. प्रत्येक बस बघितली —

हेमराज म्हणतो, तुमची तब्येत बरी नाई, १९९७ चा मी करतो. अरे, तुझा जन्म अठ्ठ्याण्णवचा, ओरडून सांगितलं — त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

३० नोव्हेंबर

कचेरीला कुलूप. चहावाला म्हणे, असा कोनी साहेब इथं नव्हताच.

आता पुढे रंगवणारं कुणी नाही. ही वाचली. एवढंच.

१ डिसेंबर

चंचल लख्ख आठवते. पेनासाठी पुढे केलेली मूठ, नखांतली माती. तो नकाशा सगळा माझ्या हातचा. सुरभीच्या नकाशात शेवटचा रंग माझा नव्हता, म्हणून का ती पुसट होत चालली. तिच्या गालावर तीळ होता. डाव्या — की उजव्या —

आवाज कसा होता —

२ डिसेंबर

ही पाठीवरून हात फिरवते. विचारते, काऊन रडून राह्यले असे? काय सांगू. हिने नऊ महिने वागवलेली —

खरं लिहितो. ती गेली, ते सोसतो आहे. भीती त्याची नाही. तिच्यासाठी रडणारा जगात मी एकटाच उरलो आहे, आणि माझ्यातूनही ती — सकाळपासून डोळ्यांचं पाणी थांबत नाही, आणि कोणासाठी ते मला —