चौदा नंबरची केस

१३ जानेवारी, सोमवार

अंगण झाडलं, माठ विसळला आणि सुपात तूर घेऊन मी पायरीवर बसले. समोर माझा नवरा उकंडा त्याची जीप धूत होता. मध्येच बादली ठेवून आला आणि माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. म्हणाला, "इंदे, पाहय बरं, हे काय उडून राह्यलं?" बेंबीच्या वर मुठीएवढं काहीतरी धडधडत होतं. मी म्हटलं, बेडूक गिळला असंल तुमी. दोघंही हसलो.

जिवंतपणी त्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. वहीत घेते, आणि एकेरीच लिहिते.

मागच्या वर्षीची ती सकाळ आज नव्या खोलीत झाडू मारताना आठवली. आता मी यवतमाळात, मेडिकल कॉलेजच्या सर्जरी वॉर्डात अटेंडंट. खोली लहान आहे पण उजेडाची, खिडकीशी कडुनिंब. वर्षा सिस्टरनं पहिल्याच दिवशी चहा पाजला आणि कामं सांगितली: चादरी, पडदे, खाटांवर नंबरच्या पाट्या, परीक्षा असली की पुढच्या पोराला आत सोडायची घंटा. शाळा सातवीपर्यंत, पण दारव्ह्याच्या वाचनालयातली दोन कपाटं मी वाचून संपवली आहेत. केसपेपरवरची नावं मी भराभर वाचते हे पाहून सिस्टर खूश झाल्या. पोरं-पोरी लगेच मावशी म्हणायला लागली. बरं वाटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज इंद्रजित सर आले. ते इथले मोठे डॉक्टर आणि प्राध्यापकही. सकाळी ज्या खाटेवर औषध लिहितात त्याच खाटेभोवती पोरांना उभं करून शिकवतात. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखतील असं मला उगाच वाटलं होतं.

पोरांना सांगत होते, मागच्या वर्षी चौदा नंबरला एक जीपवाला होता, पोटातली रक्ताची नळी फुगलेली, बोटांखाली अशी उडायची की आंधळ्यालाही कळावी. असं पोट पुन्हा मिळणार नाही म्हणाले. शिकवतात छान, खोटं कशाला लिहू.

त्या जीपवाल्याला नागपूरला ऑपरेशनला पाठवायचं होतं. सरांनी पाच दिवस ठेवून घेतलं, कारण परीक्षा जवळ आली होती आणि अशी केस परीक्षेला हवी होती. परीक्षेच्या दोन दिवसांत चाळीस पोरांनी ते पोट दाबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नळी फुटली.

मी इथे कशासाठी आले ते लिहूनच टाकते. या माणसाच्या पोटावर चाळीस हात पडलेले मला पाहायचे आहेत.

२२ जानेवारी, बुधवार

चौदा नंबर रिकामी होती. चादर अंथरताना गादीवर तळहात टेकला, तर गादी उडत होती. मधोमध, मुठीएवढी जागा. हात काढला, पुन्हा ठेवला. तेच.

भर सकाळ होती, बाजूला सिस्टर इंजेक्शनं भरत होत्या. मला भीती वाटली नाही. हळूच म्हटलं, मी आली हाव. धडधड वाढली.

३० जानेवारी, गुरुवार

राउंड चालू असताना सर मध्येच वाकले आणि पोट धरून स्टुलावर बसले. सिस्टरनं शर्ट वर केला. बेंबीभोवती निळसर ठसे होते, चार-चार बोटांचे, एकावर एक. सर म्हणाले, पट्टा घट्ट झाला असेल. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं.

मी घरी येऊन वांग्याची भाजी केली आणि पोटभर जेवले. वर्षभरात पहिल्यांदा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रेरणा नावाची एक मुलगी आहे, आर्णीची. मागच्या वर्षी परीक्षेत नापास झाली. का, ते आज तिनंच सांगितलं. आत जायची तिची वेळ आली तेव्हा चौदा नंबरचा पेशंट कण्हत होता, म्हणून तिनं हात लावला नाही, त्याला पाणी पाजलं. सर म्हणाले, ही डॉक्टर होणार नाही.

त्या पेशंटची मी कोण, ते मी तिला सांगितलं नाही. तिच्या डब्यात माझी भाकरी ठेवली.

१० फेब्रुवारी, सोमवार

परीक्षेचा पहिला दिवस. झालं ते क्रमानं लिहिते.

चौदा नंबरसाठी बोलावलेला पेशंट आलाच नाही. सर आले ते पांढरेफटक. म्हणाले, मावशी, दहा मिनिटं पडतो, पडदा ओढा. चौदा नंबरवरच आडवे झाले. मी पडदा ओढला. मग बाहेरून केसची पाटी लावली आणि घंटा वाजवली.

परीक्षेत कुणी विचारत नाही. पाटी आहे म्हणजे केस आहे. पोरं एकेक आत गेली.

आतून सरांचा आवाज येत होता. अरे, मी आहे, मी. मला स्वच्छ ऐकू येत होता. पोरांना नाही. बाहेर आलेल्या पहिल्या पोराच्या कागदावर मी वाचलं: उकंडा, वय सेहेचाळीस, जीप चालवतो, राहणार दारव्हा.

सरांनी मला दोनदा हाक मारली. "मावशी, थांबवा त्यांना." मी पुन्हा घंटा वाजवली.

अकरावा नंबर प्रेरणाचा होता. तिला अडवायचं होतं. पण अडवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, पडदा उघडावा लागला असता. मी बाजूला झाले. या वेळी तिनं हात लावला. पास व्हायचं होतं तिला.

विसाव्यानंतर आवाज बंद झाला. सिस्टरनं पडदा सारला. सरांना गाडीत घालून नागपूरकडे नेलं. वाटेत, कळंबच्या पुढे, जीव सोडला म्हणतात.

चाळीस झाले नाहीत. वीसच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरे सर आले, परीक्षा चालू आहे. मला वाटलं होतं, आता झोप लागेल.

प्रेरणा जिन्यात बसली होती, पोट धरून. माझा हात ओढून ठेवला आणि म्हणाली, मावशी, इथे काहीतरी उडतंय. बेंबीच्या वर —

तिनं तर पाणी पाजलं होतं तुला. मी गादीपाशी जाऊन सांगितलं, दोनदा सांगितलं. पोरीनं काय केलं तुझं? पाटी मी लावली. घंटा मी —

गादी थांबत नाही.

दुपारी

सिस्टरनं तिचं पोट पाहिलं. ठसे आहेत. उद्या नागपूरला नेणार म्हणतात. सर पोचले नव्हते.

उकंडाला कोण हवं आहे, मला माहीत आहे. आजवर कुठे लिहिलं नाही. मागच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला होता, इंदे, घरी चाल, हे मले मारतीन. मी म्हटलं, काहून भेता, येवढे मोठे डाक्टर, दुसऱ्याले शिकवतात, तुमच्यापेक्षा त्याईले जास्त समजते. त्यानं चप्पल घातली होती. मीच काढून खाटेखाली —

सरांनी ठेवून घेतलं. पण थांबवलं मी.

१२ फेब्रुवारी

काल ठरवलं. आज पोरं यायच्या आधी चादर बदलली, पडदा ओढला, चौदा नंबरवर झोपले. लुगडं खाली सरकवलं. म्हटलं, पोरीले सोड, मी आली.

वही छातीवर धरून लिहिते आहे. बाहेर सिस्टर कुणाला तरी सांगताहेत, प्रेरणा उठून बसली, पाणी मागते —

हात आला. एकच आहे. मला वाटलं होतं चाळीस —

हा ओळखीचा, उकंडाचा —

दाबत नाही. नुसता ठेवला आहे. आता थोडा दाबतो —